हेलियम ‘सुपरफ्लुइड’ कधी होतं? आतून उष्णता वाहत असेल तर उत्तर बदलतं!

गेमिंग फोनच्या जाहिरातीत हल्ली एक शब्द हमखास दिसतो: व्हेपर चेंबर. ही असते तांब्याची एक पातळ, पोकळ पट्टी. तिच्या आत थोडंसं पाणी असतं. प्रोसेसर तापला की त्या बाजूच्या पाण्याची वाफ होते, ती थंड बाजूकडे पळते, तिथं उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि आतल्या बारीक जाळीतून प्रोसेसरकडे परत झिरपते. जाताना वाफ, येताना पाणी. एकाच पट्टीत दोन उलटे प्रवाह, आणि उष्णता मात्र एकाच दिशेनं बाहेर.

आज मी ज्या पदार्थाबद्दल सांगणार आहे, त्यात जवळपास हेच काम चालतं. फक्त तिथं वाफ नसते आणि जाळीही लागत नाही. तो पदार्थ म्हणजे अतिथंड द्रव हेलियम. एका ठरावीक तापमानाखाली ते सुपरफ्लुइड होतं, म्हणजे अजिबात अडथळा न होता वाहू लागतं. ते तापमान पुस्तकांत छापलेलं असतं: २.१७ केल्विन, म्हणजे साधारण उणे २७१ अंश सेल्सिअस.

पण या आकड्यामागे एक अट आहे. हेलियम शांत असलं पाहिजे, त्याच्यातून उष्णता वाहत नसली पाहिजे. उष्णता वाहू लागली की हा आकडा खाली सरकतो. तो का सरकतो, किती सरकतो आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या यंत्राला त्याची काळजी का करावी लागते, ते आज एकेक करून समजून घेऊया.

आधी ओळख: एक हेलियम, दोन रूपं

केल्विन ही तापमानाची अशी मोजपट्टी आहे जिचं शून्य म्हणजे खरंखुरं शून्य. त्याखाली जाता येत नाही. आपल्या खोलीचं तापमान या मोजपट्टीवर ३०० केल्विनच्या आसपास असतं. हेलियम वायूचा द्रव करायचा तर थेट ४.२ केल्विनपर्यंत खाली जावं लागतं. हे पहिल्यांदा जमलं १० जुलै १९०८ रोजी, नेदरलँड्समधल्या लायडन शहरात, हाइके कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत.

त्याहून थंड करायचं तर युक्ती आपल्या माठासारखीच आहे. माठाच्या अंगावरून पाणी उडून जातं आणि उरलेलं पाणी गार होतं. इथं पंप लावून हेलियमची वाफ ओढून घेतात, वाफ निघून जाते आणि उरलेला द्रव आणखी थंड होतो. या वेळी काचेच्या भांड्यात पाहिलं तर द्रव खदखदा उकळताना दिसतो. तापमान २.१७ केल्विनला पोचतं आणि उकळणं एकदम बंद! बुडबुडे गायब. द्रव आरशासारखा स्तब्ध.

पंप तर चालूच असतो, वाफही निघतच असते. मग बुडबुडे कुठे गेले? हे आपण पुढे बघूच. आत्ता एवढंच लक्षात ठेवा की या रेषेच्या वरच्या द्रवाला ‘हेलियम एक’ म्हणतात आणि खालच्याला ‘हेलियम दोन’. १९३२ मध्ये लायडनलाच विलेम कीसोम आणि त्यांची मुलगी आना यांनी या तापमानाजवळ हेलियमची विशिष्ट उष्णता मोजली, म्हणजे ते एक अंशानं तापवायला किती उष्णता लागते ते पाहिलं. आलेखाचा आकार ग्रीक अक्षर लॅम्डासारखा निघाला. म्हणून या तापमानाला लॅम्डा बिंदू असं नाव पडलं.

‘हेलियम दोन’ खरंच किती विचित्र आहे हे कळलं १९३८ मध्ये. मॉस्कोत प्योत्र कपित्सा आणि केंब्रिजमध्ये जॉन ॲलन व डॉन मायझनर यांनी जवळपास एकाच वेळी दाखवून दिलं, की हे द्रव अतिशय बारीक फटीतून जणू घर्षण नसल्यासारखं निघून जातं. सुपरफ्लुइड हे नाव कपित्सा यांनी दिलं. मराठीत त्याला अतिप्रवाही द्रव म्हणतात. पुढे १९७८ मध्ये कपित्सांना नोबेल पारितोषिक मिळालं.

बुडबुडे का थांबले?

चहा उकळताना बुडबुडे कुठून येतात ते आठवा. भांड्याच्या तळाशी. तिथं आच लागते, तो भाग बाकीच्या चहापेक्षा जास्त तापतो आणि तिथंच वाफ तयार होते. म्हणजे बुडबुडा हवा असेल तर द्रवाचा एखादा भाग शेजारच्या भागापेक्षा जास्त गरम व्हायला हवा.

‘हेलियम एक’मधून उष्णता फार हळू जाते, आपल्या साध्या हवेइतकीच जेमतेम. त्यामुळे तिथं गरम जागा सहज तयार होतात आणि बुडबुडे येतात. ‘हेलियम दोन’मध्ये उलट आहे. ते तांब्याच्याही शेकडो पट सहज उष्णता वाहून नेऊ शकतं. कुठलीही जागा शेजारच्यापेक्षा गरम राहूच शकत नाही. तळाला दिलेली उष्णता क्षणात पृष्ठभागावर पोचते आणि वाफ फक्त वरून, गुपचूप निघून जाते.

आता खरा प्रश्न असा, की तोच द्रव, तेच अणू, तापमानात किंचित फरक, आणि उष्णता वाहण्याच्या पद्धतीत एवढा बदल कसा?

भरलेले टँकर आणि रिकामे टँकर

याचं उत्तर दोन प्रवाहांच्या कल्पनेत आहे. १९३८ मध्ये लास्लो टिसा यांनी ती मांडली आणि १९४१ मध्ये लेव्ह लँडाऊ यांनी तिला भक्कम पाया दिला. कल्पना अशी: ‘हेलियम दोन’ असं वागतं, जणू त्यात दोन द्रव एकमेकांत मिसळून राहतात. एक साधा भाग, ज्याला चिकटपणा आहे आणि जो सगळी उष्णता स्वतःबरोबर बाळगतो. दुसरा सुपरफ्लुइड भाग, ज्याला चिकटपणा नाही आणि ज्याच्याजवळ उष्णताही नाही. नुसती गाळणी लावून हे दोन भाग दोन बाटल्यांत भरून ठेवता येत नाहीत, कारण हा अणू साधा आणि तो अणू सुपरफ्लुइड अशी विभागणी नसते. पण वागणं मात्र दोन द्रवांसारखं असतं.

उन्हाळ्यात टंचाईच्या गावात टँकर कसे चालतात ते डोळ्यासमोर आणा. भरलेले टँकर विहिरीकडून गावाकडे जातात आणि रिकामे टँकर गावाकडून विहिरीकडे परत येतात. रस्त्यावर टँकरची संख्या कुठेच वाढत नाही की घटत नाही. पण पाणी सतत एकाच दिशेनं जात राहतं.

हेलियमच्या नळीचं एक टोक तापवलं की तिथं असंच होतं:

- साधा भाग म्हणजे भरलेले टँकर. ते उष्णता घेऊन गरम टोकाकडून थंड टोकाकडे निघतात.
- सुपरफ्लुइड भाग म्हणजे रिकामे टँकर. ते थंड टोकाकडून गरम टोकाकडे परत येतात.
- एकूण हेलियम जागच्या जागी राहतं. फक्त उष्णता पुढे सरकते.

वर सांगितलेल्या व्हेपर चेंबरमध्येही हाच हिशेब आहे ना? फक्त तिथं वाफ आणि पाणी या दोन वेगळ्या अवस्था लागतात. इथं एकाच द्रवाच्या पोटात दोन्ही वाहतुकी चालतात.

मग आकडा खाली का सरकतो?

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग.

सुपरफ्लुइड भागाचं प्रमाण नेहमी सारखं नसतं. एक केल्विनच्या खाली जवळजवळ सगळं हेलियम सुपरफ्लुइड असतं. तापमान वाढवत गेलं की हे प्रमाण घटत जातं आणि लॅम्डा बिंदूला ते शून्य होतं. टँकरच्या भाषेत सांगायचं तर लॅम्डा बिंदूजवळ परतणारे रिकामे टँकर अगदी मोजकेच उरतात.

पण उष्णता तर तेवढीच पोचवायची आहे. जितके भरलेले गेले तितके रिकामे परत यायलाच हवेत, नाहीतर एका टोकाला गर्दी होईल. टँकर कमी आणि काम तेवढंच असेल तर एकच उपाय उरतो: जे उरलेत त्यांनी जास्त वेगानं पळायचं. म्हणून लॅम्डा बिंदूच्या जितकं जवळ जाल, तितका सुपरफ्लुइड भागाचा वेग वाढत जातो.

या वेगाला मर्यादा आहे, आणि ती सुपरफ्लुइड म्हणजे नेमकं काय याच्याशीच जोडलेली आहे. लेझीम पथक आठवा. सगळे एका तालात, एकमेकांशी बांधल्यासारखे. सुपरफ्लुइड हेलियममध्ये असंख्य अणूंच्या क्वांटम लहरी अशाच एका तालात असतात. हा द्रव वाहू लागतो तेव्हा प्रत्येक ठिकाणचा ताल शेजारच्यापेक्षा किंचित पुढे असतो, आणि हा शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला फरक म्हणजेच वाहण्याचा वेग. वेग जितका जास्त, तितका तालातला फरक जास्त. एका हद्दीपलीकडे फरक इतका होतो की ताल टिकतच नाही.

लॅम्डा बिंदूजवळ हा ताल आधीच नाजूक झालेला असतो. त्यात उष्णतेच्या प्रवाहामुळे वेग वाढलेला. परिणाम असा, की २.१७ केल्विनला पोचण्याच्या आधीच ताल मोडतो आणि ते साधं हेलियम होऊन जातं. म्हणजे उष्णता वाहत असेल तर सुपरफ्लुइडपणाची हद्द थोडी अलीकडेच लागते. उष्णता जितकी जास्त, हद्द तितकी अलीकडे.

इथं एक गफलत होऊ शकते. ‘उष्णता दिली म्हणजे हेलियम गरम झालं आणि म्हणून सुपरफ्लुइडपणा गेला’ असा याचा अर्थ नाही. गरम झाल्यावर जाणारच, त्यात नवल काय? इथं मुद्दा वेगळा आहे. ज्या तापमानाला शांत हेलियम अजून सुपरफ्लुइड असतं, त्याच तापमानाला उष्णता वाहणारं हेलियम सुपरफ्लुइड नसतं. तापमान तेच, फक्त प्रवाहामुळे निकाल वेगळा.

हे मोजलं कसं आणि आकडा किती?

अशी घसरण व्हायला हवी असा सैद्धांतिक हिशेब जपानचे अकिरा ओनुकी यांनी १९८० च्या दशकात मांडला होता. १९८८ मध्ये रॉबर्ट डंकन, गुंटर आलर्स आणि व्हिक्टर स्टाइनबर्ग यांनी तिचं मोजमाप प्रसिद्ध केलं.

मोजण्याचं तत्त्व सोपं आहे. हेलियमच्या एका टोकाला ठरावीक उष्णता देत राहायची, दुसऱ्या टोकाकडून ती काढून घ्यायची आणि संपूर्ण हेलियम अगदी हळूहळू लॅम्डा बिंदूकडे सरकवायचं. जोवर ते सुपरफ्लुइड आहे, तोवर दोन्ही टोकांच्या तापमानात फरक जवळजवळ दिसत नाही. ज्या क्षणी गरम टोकाशी साध्या हेलियमचा थर तयार होतो, त्या क्षणी तिथं उष्णता अडायला लागते आणि दोन टोकांतला फरक एकदम वाढू लागतो. तो क्षण पकडायचा आणि त्या वेळचं तापमान टिपायचं.

निकाल काय आला? दर चौरस सेंटीमीटरमधून १० मायक्रोवॅट उष्णता वाहत असेल तर हद्द साधारण १ मायक्रोकेल्विननं खाली येते. एक मायक्रोवॅट म्हणजे वॅटचा दहा लाखावा भाग आणि एक मायक्रोकेल्विन म्हणजे अंशाचा दहा लाखावा भाग. तुमचा ६० वॅटचा फास्ट चार्जर या १० मायक्रोवॅटच्या साठ लाख पट ताकदीचा आहे. आता कळलं, की हे मोजायला किती नाजूक हात लागले असतील?

आणखी एक गंमत. उष्णता १० पट केली तर घसरण १० पट होत नाही. या मोजमापाप्रमाणे ती साधारण साडेसहा पट होते. घातांकाच्या भाषेत हा आकडा ०.८१ आहे. पुढे जर्मनीत रुडॉल्फ हाउसमान आणि फोल्कर डोम यांनी जो सविस्तर सिद्धांत मांडला, त्यात हा घातांक ०.७४ च्या आसपास येतो, म्हणजे घसरण साडेपाच पट. प्रत्यक्षात सुपरफ्लुइडपणा सिद्धांतानं सांगितलेल्या हद्दीच्या थोडा आधीच मोडताना दिसला.

‘०.८१ काय आणि ०.७४ काय, एवढ्यानं कुणाचं काय बिघडतं?’ असं वाटेल. पण शांत हेलियमच्या बाबतीत सिद्धांत आणि प्रयोग अतिशय बारकाईनं जुळतात. पदार्थाची अवस्था कशी बदलते याचा सिद्धांत तपासायला हेलियमचा लॅम्डा बिंदू ही जगातली सगळ्यात स्वच्छ जागा मानली जाते. तिथं नुसती उष्णता वाहू लागली की हिशेब अवघड होतो. आणि खऱ्या जगात तर सतत काही ना काही वाहतच असतं: बॅटरीत, ढगात, आपल्या शरीरात. शांत गोष्टींचं भौतिकशास्त्र आपल्याला चांगलं जमतं, वाहत्या गोष्टींचं अजून तितकं नाही. हेलियममधली ही छोटीशी घसरण म्हणूनच महत्त्वाची.

गुरुत्वाकर्षण मध्ये येतं

पृथ्वीवर हे मोजताना एक मोठी अडचण येते. भांड्यातल्या हेलियमच्या तळावर वरच्या हेलियमचं वजन पडतं, म्हणजे तळाशी दाब जास्त. दाब वाढला की लॅम्डा बिंदू खाली येतो. हिशेब केला तर खोली दर १ सेंटीमीटरनं वाढली की लॅम्डा बिंदू साधारण १.३ मायक्रोकेल्विननं घटतो.

आता वरचा आकडा आठवा. १० मायक्रोवॅटमुळे होणारी घसरण १ मायक्रोकेल्विन. म्हणजे आपल्याला जो परिणाम मोजायचा आहे, तेवढाच गोंधळ एक सेंटीमीटर उंचीचं हेलियम आपल्या वजनानं घालतं! एकाच भांड्यात तळ साधा झालेला आणि वरचा भाग अजून सुपरफ्लुइड, असंही होऊ शकतं.

म्हणून शास्त्रज्ञ थेट अवकाशात गेले. ऑक्टोबर १९९२ मध्ये कोलंबिया या स्पेस शटलमधून स्टॅनफर्डच्या जॉन लिपा यांच्या गटाचा ‘लॅम्डा पॉइंट’ प्रयोग गेला. तिथं वजन जवळजवळ नाही, त्यामुळे हेलियमच्या सगळ्या थरांचा लॅम्डा बिंदू एकच. त्यांनी बदलाच्या अवघ्या काही नॅनोकेल्विन जवळ जाऊन विशिष्ट उष्णता मोजली. नॅनोकेल्विन म्हणजे अंशाचा शंभर कोटीवा भाग. नोव्हेंबर १९९७ मध्ये याच मालिकेतला पुढचा प्रयोग पुन्हा कोलंबियातून गेला. त्यात बारीक फटींमध्ये कोंडलेल्या हेलियमचा अभ्यास होता. ही उड्डाण मोहीम आपल्याला वेगळ्या कारणानं माहीत आहे: कल्पना चावला यांची ती पहिली अवकाशवारी.

हे दोन्ही प्रयोग शांत हेलियमवरचे होते. वाहत्या उष्णतेचा परिणाम वजनाशिवाय मोजायचा, असा डंकन यांच्या गटाचा प्रयोग आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकासाठी आखला गेला होता, पण तो उडालाच नाही.

वरून तापवलं तर?

अडचणीचाच उपयोग करून घेणं यालाच हुशारी म्हणतात. आत्ताच पाहिलं की खाली जावं तसा लॅम्डा बिंदू घटत जातो. समजा हेलियमला खालून नाही तर वरून उष्णता दिली. मग उष्णता वरून खाली वाहणार, म्हणजे तापमानसुद्धा खाली जावं तसं घटत जाणार. दोन्ही उतार एकाच दिशेला!

१९९७ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या डंकन यांच्या गटानं दाखवलं, की अशा वेळी हेलियम स्वतःच स्वतःला जुळवून घेतं. लॅम्डा बिंदूच्या जवळ येताना साध्या हेलियमची उष्णता वाहून नेण्याची क्षमता झपाट्यानं वाढत असते. त्यामुळे प्रत्येक थर आपापल्या लॅम्डा बिंदूपासून बरोबर तेवढ्या अंतरावर थांबतो, जिथं वरून आलेली उष्णता नेमकी खाली पोचवता येईल. उष्णता कमी-जास्त केली की सगळे थर मिळून आपलं अंतर बदलतात. बाहेरून कुणी थराथराला सूचना देत नाही. अशा आपोआप जुळून येणाऱ्या अवस्थेला स्वयंसंघटित अवस्था म्हणतात.

म्हणजे एकाच हेलियमला खालून तापवलं तर साधा आणि सुपरफ्लुइड असे दोन वेगळे थर पडतात, आणि वरून तापवलं तर सगळा स्तंभ हद्दीवर तोल सांभाळत उभा राहतो. फरक फक्त उष्णता कुठल्या दिशेनं वाहते याचा.

जास्त उष्णता दिली तर?

आतापर्यंत आपण मायक्रोवॅटमध्ये बोलत होतो. उष्णता वाढवत नेली तर लॅम्डा बिंदूपासून दूर असतानाही भानगडी सुरू होतात. सुपरफ्लुइड भागात बारीक बारीक भोवरे तयार होतात. हे भोवरे भरलेल्या आणि रिकाम्या टँकरना एकमेकांवर घासायला लावतात. १९५७ मध्ये केंब्रिजच्या जो व्हायनन यांनी उष्णतेच्या प्रवाहावर केलेल्या प्रयोगांतून या भोवऱ्यांचा गुंता समोर आला.

या घासण्यामुळे दोन टोकांत तापमानाचा फरक पडू लागतो, आणि तो फार वेगानं वाढतो: उष्णता दुप्पट केली तर फरक साधारण आठपट. असं होता होता गरम टोक लॅम्डा बिंदूला पोचलं की तिथं सुपरफ्लुइडपणा संपतो. जिथं उष्णता सगळ्यात जास्त, नेमकी तिथंच ती वाहून नेणारी व्यवस्था बंद पडते. व्हेपर चेंबरमध्येही अशीच वेळ येते. वाफ इतक्या जोरात निघते की पाणी परत येईपर्यंत गरम बाजू कोरडी पडते, आणि मग ती पट्टी असून नसल्यासारखी.

२७ किलोमीटरचं यंत्र आणि पाव केल्विनचं अंतर

आता या सगळ्याचा खऱ्या जगाशी संबंध. स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर, जमिनीखाली २७ किलोमीटर परिघाचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर आहे. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉनची घोषणा झाली ती इथल्याच प्रयोगांतून, आणि त्यातल्या एका प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही सहभाग होता. या यंत्रातले १,२३२ मोठे वळणचुंबक १.९ केल्विनवर ठेवलेले असतात. कशात? सुपरफ्लुइड हेलियममध्ये.

४.२ केल्विनचं साधं द्रव हेलियम स्वस्त पडलं असतं. पण १.९ केल्विनला चुंबकाच्या तारा जास्त ताकदीचं क्षेत्र पेलतात. शिवाय सुपरफ्लुइड हेलियम तारांच्या वेष्टनातल्या बारीक फटींतही शिरतं आणि तिथली उष्णता चुंबकाच्या लांबीभर जाणाऱ्या एका थंड नळीपर्यंत पोचवतं. पंपानं ढकलण्याची गरज नाही, भरलेले-रिकामे टँकर आपलं काम करत राहतात.

१.९ आणि लॅम्डा बिंदू यांत अंतर किती? जेमतेम पाव केल्विन. एखाद्या जागी जास्त उष्णता निर्माण झाली आणि तिथलं हेलियम ही हद्द ओलांडून गेलं, तर त्या जागेचं उष्णता वाहून नेणं एकदम मंदावतं. मग तार तापते, तिचा अतिवाहकपणा जातो, आणि हजारो अँपिअरचा विद्युतप्रवाह अडखळतो.

किती उष्णतेची भीती बाळगायची याचा अंदाज १९ सप्टेंबर २००८ च्या दुर्घटनेतून येतो. दोन चुंबकांमधला एक विजेचा जोड सदोष होता. त्याचा रोध फक्त २०० नॅनोओहमच्या आसपास होता. पण त्यातून ८,७०० अँपिअर वाहत होते, म्हणजे तिथं साधारण १५ वॅट उष्णता तयार होत होती. तुमच्या चार्जरपेक्षाही कमी! तो जोड तापत गेला आणि शेवटी तुटला, विजेची ठिणगी पडली, टनावारी हेलियम बोगद्यात सुटलं आणि यंत्र वर्षभराहून जास्त काळ बंद राहिलं. नंतर जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा कळलं, की त्या भागातल्या हेलियमचं तापमान आधीच अगदी किंचित चढू लागलं होतं. मग तीच खूण वापरून बाकीचे संशयित जोड शोधले गेले. सुपरफ्लुइड हेलियम उष्णता सगळीकडे लगेच पसरवतं, त्यामुळे काही वॅटची गडबडसुद्धा तापमापकांना दिसू शकते.

मग फोनमध्ये का नाही वापरत?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. सरळ उत्तर: १.९ केल्विनवरची १ वॅट उष्णता बाहेर काढायला वर खोलीच्या तापमानाला हजार वॅटच्या आसपास वीज खर्च करावी लागते. फोनमधले काही वॅट थंड करायला घरात काही किलोवॅटचं यंत्र बसवावं लागेल. आपलं व्हेपर चेंबरच बरं!

थोडक्यात लक्षात ठेवा

- २.१७ केल्विन हा लॅम्डा बिंदू शांत हेलियमचा आहे. उष्णता वाहत असेल तर सुपरफ्लुइडपणा त्याच्या थोडा आधीच जातो.
- कारण उष्णता नेताना सुपरफ्लुइड भागाला उलट दिशेनं पळावं लागतं, आणि हद्दीजवळ तो भाग इतका कमी उरतो की त्याचा वेग झेपत नाही.
- दर चौरस सेंटीमीटरला १० मायक्रोवॅट उष्णता असेल तर ही घसरण साधारण १ मायक्रोकेल्विन.
- पृथ्वीवर एक सेंटीमीटर उंचीचं हेलियमही लॅम्डा बिंदूत तेवढाच फरक पाडतं, म्हणून अवकाशातल्या प्रयोगांना एवढी किंमत.
- मोठ्या यंत्रांत उष्णता जास्त असते. तिथं गरम टोकाचं हेलियम हद्द ओलांडणार नाही याची काळजी घ्यावीच लागते.

पुढच्या वेळी पुस्तकात किंवा एखाद्या रीलमध्ये ‘हा पदार्थ इतक्या अंशाला बदलतो’ असं वाचलंत, तर एक प्रश्न नक्की विचारा: तो आकडा मोजताना पदार्थ शांत होता, की त्याच्यातून काही वाहत होतं? हेलियमच्या बाबतीत तरी या एका प्रश्नानं उत्तर बदलतं.